नागेशभाऊंच्या परड्यातला नारळ

नारळ मीच फोडला. एका घावात, आणि इतका सरळ की दोन्ही वाट्या बाल्कनीच्या फरशीवर उताण्या पडून डुलत राहिल्या. एरवी माझ्या हातून नारळाचे तीन तुकडे होतात आणि त्यांतला एक हमखास वॉशिंग मशीनखाली जातो. त्यामुळे मी स्वतःवर खूश झालो, वाटीत राहिलेलं पाणी पिऊन टाकलं, वाट्या स्वयंपाकघरात पोचत्या केल्या आणि सोफ्यावर येऊन पुन्हा कागद वाचायला घेतला. साधनाने, म्हणजे माझ्या बायकोने, एक वाटी खवून संपवली, दुसरी हातात घेतली आणि मग तिचं लक्ष फ्रीजवर गेलं.

"अहो, मी आणलेला नारळ तर इथेच आहे. मग हा कुणाचा?"

आमच्या शारजाच्या घरात त्या दिवशी दोन नारळ होते. एक साधनाने रोल्लातल्या केरळी दुकानातून नारळीभातासाठी आणलेला. तो मल्याळम पेपरात गुंडाळलेला होता. दुसरा थेट हर्णैहून आलेला, मराठी पेपरात गुंडाळलेला. ठिकाणावर डोकं असलेला कुणीही माणूस या दोन नारळांत घोटाळा करणार नाही. पण मराठी छापलेला कागद दिसला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. तिकडे मराठी पेपर मिळायचा कधी? कुणी मुंबईहून आलं तर त्याच्या चपला ज्यात गुंडाळलेल्या असत, तो. मी पापडाच्या पाकिटावरची कृती तीनतीनदा वाचलेली आहे. तेव्हा मी मराठी कागद उलगडला, त्यात दापोलीच्या एस.टी. स्टँडवरून कुणाचा तरी बोकड चोरीला गेल्याची बातमी होती, आणि चोर सापडला की नाही ते 'पान चारवर पाहा' म्हटलं होतं. मी पान चार शोधत होतो. हात नारळ फोडत होते. डोळ्यांचा आणि हातांचा तेवढ्यापुरता काही संबंध नव्हता.

"बाबा, यू ब्रोक नागेश अंकल्स कोकोनट!" आमची शुभ्रा म्हणाली. आणि दारावरची बेल वाजली.

दारात अर्थातच नागेशभाऊ होते. स्वच्छ पांढरा शर्ट, भांग पाडलेला, हातात हळदकुंकवाची पुडी. त्यांनी साधनाच्या हातातली वाटी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातला कागद पाहिला.

"फोडला?"

"हो."

त्यांनी पुडी खिशात ठेवली आणि खुर्चीच्या कडेला बसले, दवाखान्यात नंबर लागायच्या आधी बसतात तसे.

नागेश चोगले हे आमच्या कंपनीत परांची बांधायचे. इमारत उठत असताना तिला बाहेरून लोखंडी नळ्यांचा पिंजरा घालतात ना, तो. मी त्याच कंपनीच्या देरा भागातल्या ऑफिसात एसीखाली बसून बिलं करायचो. एकदा मोजमापांसाठी मला नवव्या मजल्याच्या परांचीवर जावं लागलं. मी एका नळीला मिठी मारून उभा होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, खाली नाय बघायचं. माझ्याकडे बघा." नवव्या मजल्यावर, भर उन्हात, मराठी! मला इतका आनंद झाला की मी दोन्ही हात सोडून नमस्कार करायला गेलो. नागेशभाऊंनी माझा पट्टा धरला आणि ते म्हणाले, "नमस्कार खाली गेल्यावर करा." आमची ओळख ती अशी.

बोलण्याच्या बाबतीत या माणसाचा हात आखडता. नळी जशी लागेल तेवढीच कापायची, तसं वाक्यही लागेल तेवढंच. हर्णैचे कोळी. वडील वारले तेव्हा थोरला मुलगा म्हणून घर अंगावर आलं, मासा काही घराला पुरेना, म्हणून ते आखातात आले. समुद्रावरच्या माणसाने आयुष्याची ऐन वर्षं वाळवंटात, तीही जमिनीपासून शंभर फूट वर काढायची, हा एक विनोदच. पण तो मी त्यांना कधी सांगितला नाही. रोल्लात एका खोलीत सात जणांबरोबर ते राहत. दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी त्यांची बायको रंजिता घरामागच्या परड्यातल्या माडाचा एक नारळ येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवायची. तो समुद्राला द्यायचा. आठ जणांच्या खोलीत नारळ ठेवला तर संध्याकाळपर्यंत त्याचं कालवण होणार, म्हणून तो माझ्याकडे ठेवायला देत. "तुमच्याकडे धोका नाय," असं ते म्हणत.

आता समुद्र म्हणाल तर शारजाला घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण तो नागेशभाऊंना मान्य नव्हता. पहिल्या वर्षी मी त्यांना मोठ्या उत्साहाने कॉर्निशवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, नेलं. त्यांनी पाण्यात हात घातला, ढवळला, आणि झटकला.

"हे आखात हाय साहेब. हे पाणी हर्णैला जात नाय."

हर्णैला जाणारं पाणी डोंगराच्या पलीकडे, देशाच्या पूर्व किनाऱ्यावर. फुजैरा, कलबा, खोरफक्कान, दिब्बा अशी गावं तिथे ओळीने आहेत आणि त्यांच्यापुढे जो समुद्र आहे तो आपला, अरबी. मला प्रेक्षणीय स्थळांचं वेड. किल्ला म्हटला की मी बुरूज मोजायला लागतो. घरात माझं कुणी ऐकत नाही. तेव्हा आमचा करार होऊन गेला. नागेशभाऊंना त्यांचा समुद्र मिळायचा आणि मला श्रोता. पौर्णिमा ज्या दिवशी येईल त्या दिवशी मी रजा काढायचो आणि जुन्या कोरोलातून आम्ही डोंगर ओलांडायचो.

ते साल अठ्ठ्याण्णव असावं. त्या वर्षी पौर्णिमा सुट्टीच्याच दिवशी, शुक्रवारी आली होती, म्हणून साधना आणि शुभ्राही येणार होत्या. आणि नेमकं त्याच वर्षी नारळावर नेहमीपेक्षा जास्त काही अवलंबून होतं. नागेशभाऊंची सहा वर्षांची कमाई घालून हर्णैला नवी होडी उभी राहिली होती. रंग झाला होता, इंजिन बसलं होतं. पौर्णिमेनंतर मासेमारी सुरू होते, तेव्हा ती पाण्यात लोटायची. पण धाकटा भाऊ तुकाराम हटून बसला होता. घरच्या माडाचा नारळ थोरल्या भावाच्या हातून समुद्रात गेला, असा फोन आल्याशिवाय होडीला हात लावणार नाही. संध्याकाळी तो शेजाऱ्यांच्या फोनजवळ येऊन बसणार होता.

आणि घरच्या माडाचा नारळ साधनाच्या विळीखाली होता.

"हा चालेल का हो, भावोजी?" साधनाने फ्रीजवरचा नारळ पुढे केला. नागेशभाऊंनी तो कानाशी धरून हलवला.

"मुका हाय. आत पाणी नाय."

"तरी मी त्या दुकानदाराला म्हटलं होतं," साधना म्हणाली, आणि ज्या नजरेने दुकानदाराकडे पाहायला हवं होतं त्या नजरेने माझ्याकडे पाहिलं.

रोल्लातली दोन दुकानं पालथी घातली. पौर्णिमेमुळे नारळ आदल्या दिवशीच संपले होते. "वाटेत मिळेल," मी म्हटलं. निघताना साधनाने हळूच विचारलं, "खवलेल्याचं काय करू?"

"आता खवलाय तर भात करा, वहिनी," नागेशभाऊ म्हणाले. "टाकायचा नाय."

भाताचा डबा मांडीवर घेऊन साधना मागे बसली आणि आम्ही निघालो. ऑगस्टमधलं तिथलं ऊन असं की स्टिअरिंगला रुमाल गुंडाळून धरावं लागतं. धैद गेलं, वाळू संपली, काळे बोडके डोंगर सुरू झाले. मसाफीच्या बाजारात थांबलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दुकानं, आणि दुकानांत गालिचे, कुंड्या, कलिंगडं, फुगवलेली प्लास्टिकची बदकं. नारळ नाही. नारळ विचारल्यावर एका पठाणाने मला गालिचा दाखवला. नाही म्हटल्यावर मोठा गालिचा दाखवला. "हबीबी, इस पे नारियल रखो, बहोत अच्छा दिखेगा," तो म्हणाला. साधना गालिच्याचे दिरहमचे रुपये करायला लागली, तशी मी सगळ्यांना गाडीत कोंबलं.

फुजैराला पोचलो तर दुपारच्या नमाजाची वेळ. दुकानांना कुलपं. मग आता थांबलोच आहोत तर किल्ला पाहू, असं मी सुचवलं. डोंगरउतारावर मातीचा जुना किल्ला, त्याची डागडुजी चाललेली. मी सावलीत उभा राहून सगळं सांगितलं. हा सगळा किनारा एके काळी पोर्तुगीजांच्या हाती होता, तेच पोर्तुगीज जे आपल्या रेवदंड्याला होते, म्हणजे बघा, एकाच समुद्राच्या दोन्ही काठांवर—

"बाबा इज डूइंग द पोर्च्युगीज अगेन," शुभ्रा म्हणाली.

"तुमच्या हर्णैसमोरही किल्ला आहे ना, नागेशभाऊ?" मी विषय चिकटवला.

"हाय. दारातच हाय."

"मग? पाहिला असेल तुम्ही आतून."

"मासे तिकडं मिळत नाय."

इतर वर्षी हेच उत्तर मला गमतीचं वाटलं असतं. त्या दिवशी ते घड्याळाकडे पाहत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला आपण उलट ओरडू शकतो. हे मात्र माझ्या प्रत्येक बुरुजापुढे मुकाट उभे राहत, कराराप्रमाणे.

खोरफक्कानचा किनारा म्हणजे चंद्रकोर. मागे डोंगर, मधे खजुरीची झाडं, पुढे निळंशार पाणी. साधना म्हणाली, "अगदी आपल्याकडच्यासारखं आहे नाही, फक्त हिरवं काढून टाकलेलं." तिथल्या मोठ्या सुपरमार्केटात नारळ मिळाला. म्हणजे खवलेला, गोठवलेला, प्लास्टिकच्या पिशवीत. मी ती पिशवी घेऊन बाहेर आलो. नागेशभाऊंनी ती पाहिली. मी परत आत गेलो आणि ती ठेवून आलो.

तिथून पुढे बिदिया. रस्त्याच्या कडेला एक मशीद आहे, त्या मुलखातली सर्वांत जुनी म्हणतात. दगडमातीची, बुटकी, वर चार घुमट. मिनार नाही, काही नाही. ताटात मोदक ठेवावेत तसे घुमट. मला खरं तर तिच्याबद्दल पुष्कळ बोलायचं होतं. पण नागेशभाऊ मशिदीकडे पाहतच नव्हते. ते रस्त्यापलीकडच्या एका टपरीवजा किराणा दुकानाकडे पाहत होते. त्याचं शटर नुकतंच अर्धं वर गेलं होतं.

दुकान अन्वरचं. कन्नूरचा मल्याळी, लुंगीत, दुपारच्या झोपेतून उठलेला. त्याच्याकडे गोणपाटात नारळ होते. नागेशभाऊ उकिडवे बसले आणि एकेक नारळ कानाशी धरून हलवायला लागले.

"यल्ला भाई, सब सेम है," अन्वर जांभई देत म्हणाला.

"नाय."

"करी बनाने का है ना?"

"समुंदर को देने का है."

अन्वरची जांभई मधेच थांबली. "समुंदर को? पैसा कौन देगा, समुंदर?"

"ये साहब देगा," नागेशभाऊ म्हणाले. सकाळपासून त्यांनी माझ्याबद्दल काढलेले पहिले शब्द. मी इतक्या लगबगीने पाकीट काढलं की त्यातली सगळी चिल्लर गोणपाटात पडली.

"दोन दिरहम," साधना गाडीतून म्हणाली. "म्हणजे तेवीस रुपये. एका नारळाला!"

"वहिनी, पहिला फुकट होता," नागेशभाऊ म्हणाले. म्हणजे थोडे सैलावले होते.

गावाच्या टोकाला एक जागा होती, वाळूवर मासेमारीच्या होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी वाळत घातलेली. ती नागेशभाऊंना पसंत पडली. अजून उन्हं होती. साधनाने होडीच्या सावलीत चटई टाकली आणि भाताचा डबा उघडला. केशरी, लवंगा घातलेला, गुळाचा नारळीभात. तिने पहिली ताटली नागेशभाऊंना दिली. त्यांनी घास घेतला आणि चावायचे थांबले.

"खवट आहे का?" साधनाने घाबरून विचारलं.

"नाय." त्यांनी घास गिळला. "इकडं आल्यापासून आमच्या माडाचा नारळ खाल्ला नव्हता. येतो तो पाण्यातच जातो."

आम्ही सगळे आपापल्या ताटलीत पाहायला लागलो. मी तर माझा भात परत डब्यात सारला. नागेशभाऊंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, मग तिसऱ्यांदा. मग खरकट्या बोटाने समुद्राकडे दाखवून शुभ्राला म्हणाले, "त्या तिकडं सरळ गेलीस ना, की आमचं परडं."

"हाऊ फार?"

"सरळ."

तिथला सूर्य एक घोटाळा करतो. आपल्याकडे कसा सभ्यपणे समुद्रात बुडतो. तिथे तो पाठीमागच्या डोंगराआड जातो, आणि समुद्र आपला रिकामाच. पण पौर्णिमेला समुद्र रिकामा राहत नाही. डोंगराची सावली पाण्यापर्यंत आली आणि समोरून, पाण्यातूनच, तांबूस चंद्र वर यायला लागला. हर्णैला तो आधीच चांगला वर आला असेल. नागेशभाऊंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, नारळाला हळदकुंकू लावलं आणि कमरेइतक्या पाण्यात गेले. पँट दुमडली कशाला, कोण जाणे. काही तरी पुटपुटले. नारळ भिरकावला नाही, ठेवला. मूल झोळीत ठेवतात तसा. तो बुडाला, वर आला आणि डुलत डुलत निघाला. शुभ्राने टाळ्या वाजवल्या. मलाही वाजवाव्याशा वाटल्या, पण मला तो अधिकार नव्हता.

आता फोन. खोरफक्कानला परत आलो. कॉर्निशवर कार्डाचा फोन होता.

"'नारळ दिला' एवढंच सांगा," मी म्हटलं. "खोटं थोडंच आहे? दिलाच आहे की."

"तुकाराम विचारेल, घरचा ना?"

"मग 'हो' म्हणायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नवव्या मजल्यावर पाहिलं होतं तसं. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि बाजूला झालो. पण इतका बाजूला नाही की ऐकू येणार नाही.

"तुकाराम? हां. दिला... नाय, घरचा नाय. बाजारचा... घरचा फुटला... फुटला म्हंजे फोडला. साहेबांनी... अरे, त्यांनी काय मुद्दाम केलं नाय. पेपर वाचत होते... पेपर. नारळ ज्यात होता तो." मग बराच वेळ ते नुसतं ऐकत राहिले. मोकळ्या हाताने फोनची तार बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. "बरं. मग राहू दे उभी," एवढं ते म्हणाले. सहा वर्षांची होडी, रंगवलेली, वाळूवर उभी; आणि कशापायी, तर दापोलीच्या एका बोकडापायी.

तेवढ्यात पलीकडे काही गडबड झाली असावी. नागेशभाऊ ताठ उभे राहिले. "आये? हां आये." आणि मग फोन माझ्यापुढे धरला. "आई बोलायचं म्हणते."

मी फोन घेतला. आवाज असा की मधे समुद्र आहे याची म्हातारीला माहिती असावी आणि तिचा फोनवर विश्वास नसावा.

"नारळ तू फोडलास?"

"हो आजी. माझं चुकलं. मी—"

"कसा निघाला?"

"अं?"

"आतून रे! काळा निघाला का, कुजका?"

"नाही, नाही. पांढराशुभ्र. गोड."

"सरळ फुटला का वाकडा?"

"एकदम सरळ," मी म्हटलं, आणि सकाळचा अभिमान नको त्या वेळी वर आला. "एका घावात. दोन सारख्या वाट्या."

"पाणी होतं?"

"होतं."

"काय केलंस?"

"प्यायलो," मी म्हटलं.

मग म्हातारी फोनवर नाही, मागे कुणाला तरी म्हणाली, पण ते सगळ्या किनाऱ्याला ऐकू गेलं असेल, "तुकारामा, ऐकलंस काय? नवी होडी लोटायची तर तिच्या तोंडाला, नाळीवर, नारळ फोडायचा का नाय? मग तो घरचा होता तो होडीचा धर. समुद्राचा समुद्राला गेला, होडीचा होडीला. चांगला निघालाय. उद्या लोट." आणि मग पुन्हा माझ्याकडे, "होडीचं पाणी तू प्यालास ना? मग पहिला मासा तुला खाऊन जायला होवा. कधी येतोस?"

मी येतो म्हटलं. नाही म्हणण्याची सोय नव्हती. नागेशभाऊंनी फोन परत घेतला, "हां... हां... उद्या," इतकंच बोलले आणि फोन जागेवर ठेवला. मग कार्ड मला द्यायचं विसरून खिशात घातलं आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. ओली पँट पायांना चिकटलेली, शर्टाला हळद लागलेली. साधनाने मला खूण केली की जरा गप्प राहा. मी राहिलो.

परतीच्या वाटेवर डोंगरांत चांदणं पडलं होतं. शुभ्रा मागे साधनाच्या मांडीवर झोपली. नागेशभाऊ शेजारी बसून पायातली वाळू झटकत होते आणि तोंडातल्या तोंडात काही तरी गुणगुणत होते. मला धीर आला. धीर आला की मी बोलतो.

"एकूण काय नागेशभाऊ, तुमच्या होडीचा नारळ माझ्या हातून फुटायचा होता म्हणायचं. सगळं चांगलंच झालं की नाही?"

त्यांनी खिडकीची काच वर केली.

"पुढच्या वर्षी नारळ कागदात गुंडाळायचा नाय."